फोटो काढणारी

फोटो लावून ठेवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हा काही जिवाला घोर लावणारा प्रश्न नव्हे. पूर्वी अल्बम असायचे. त्यातले फोटो एकमेकांना चिकटायचे, आपण दोन दिवस हळहळायचो आणि अल्बम परत माळ्यावर टाकायचो. पुढे फोनमध्ये हजारोंनी फोटो साठायला लागले, आणि ते बघायला वेळ कुणाला होता? कुणी नीट लावून दिले तर बरंच, नाही दिले तर कुणाचं काही अडत नाही. वैजयंता मगदूमचं मात्र अडलं. आणि अडलं ते अशा ठिकाणी, की तिथून मागं फिरायची सोय नव्हती.

वैजयंता, म्हणजे घरातली वैजू, दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करायची. जयसिंगपुरात सातव्या गल्लीत ती आणि तिची शालनकाकू अशा दोघीच राहत. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूचा मुलगा सन्मती कॅनडात, मुलगी धनश्री बेंगळुरूला. दोघं फोन करायची, कळवळून बोलायची, आणि फोन ठेवून आपापल्या कामाला लागायची. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, सगळ्यांच्या घरी हेच चाललंय. वैजू ही पुतणी. जत तालुक्यातल्या तिच्या गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी तिला आपल्या धाकट्या भावाकडं, म्हणजे काकांकडं, शिकायला ठेवली, ती इथलीच झाली. लग्नाचं एकदा-दोनदा जमत आलं आणि राहिलं. आईवडील गेल्यावर गावाकडं तोंड करायलाही कारण उरलं नाही. आपलं म्हणावं असं माणूस तिला जगात एकच होतं, ते म्हणजे काकू.

त्या काकूला विसरायला व्हायला लागलं. आधी गॅस, मग औषधं, मग शेजारणींची नावं. वैजू म्हणायची, वय झालं, चालायचंच. पण एका संध्याकाळी ती भाकरी करत असताना काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाई, तुम्ही निघा आता. घरी तुमची वाट बघत असतील."

तव्यावरची भाकरी जळून गेली, तरी वैजूला वास आला नाही.

दुसऱ्याच दिवशी ती काकूला घेऊन सांगलीला गेली. तिथं डॉक्टर आवटीबाई म्हणून आहेत, त्या विसरणाऱ्या माणसांसाठी अलीकडे निघालेली पट्टी वापरतात. कपाळाला बांधायची, हेअरबँडसारखी हलकी पट्टी. बाईंनी काकूला तपासलं, बाहेर नर्सजवळ बसवलं आणि वैजूला समजावून सांगितलं.

"आठवण एकदा साठवली की तशीच राहते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपण एखादी गोष्ट आठवतो ना, तेव्हा ती आठवण थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ होते आणि परत सुकते. मऊ असताना तिच्यात जे मिसळेल ते सुकल्यावर तिच्यातच राहतं. तुमच्या-माझ्या डोक्यात हे रोज चाललेलं असतं. काकूंच्या डोक्यात सुकायचं काम थकलंय. आठवण मऊ होते आणि वाहून जाते."

"मग पट्टी काय करते?"

"सुकवायचं काम करते. रोज सकाळी काकूंना जुने फोटो दाखवायचे. फोटो बघून आठवण जागी झाली की पट्टीला मेंदूतल्या लहरींवरून कळतं, आणि ती बारीकसा विजेचा झटका देऊन तेवढीच आठवण पक्की करते. काकूंना काही जाणवत नाही. फोटो हजारो असतात, त्यातले कुठले, कुठल्या क्रमानं दाखवायचे, हे फोटो लावणारं सॉफ्टवेअर ठरवतं. बाजारात तीन-चार आहेत. रोज जे दिसेल ते राहील."

"आणि जे दिसणार नाही ते?"

"ते जाईल," बाई म्हणाल्या. "म्हणून निवडताना घाई करू नका. आठवडाभर साधे फोटो दाखवा, पट्टीला काकूंची ओळख होऊ दे. मग काय ते एकदाच ठरवा. सुरू केल्यावर मध्येच बदललं तर होतं तेही जातं."

वैजू घरी आली ती कामाला लागूनच. काकांच्या जुन्या हार्डडिस्क, बंद पडलेले फोन, बिस्किटाच्या डब्यात टाकलेली मेमरी कार्डं, सगळं तिनं एका जागी ओतलं. पहिला आठवडा 'मांडणी' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावलं. ते आपलं तारखेप्रमाणं फोटो दाखवायचं, बाकी काही नाही. तेवढा आठवडा बाईंची नर्स घरी येऊन पट्टी बांधायची आणि काकू काय बोलते ते लिहून न्यायची. काकू दिवाणावर बसायची आणि समोरच्या पडद्याकडं बघत राहायची. मधूनच खुदकन हसायची. एकदा दिवाळीच्या जेवणाचा फोटो आला तेव्हा लाडीकपणे म्हणाली, "पुरे की गं आता. ताट गार व्हायलंय." फोटोत धनश्री होती, लहानपणची. वैजूला वाटलं, धनश्रीला म्हणतेय.

मग वैजूनं 'नातं' नावाचं सॉफ्टवेअर लावून बघितलं. त्याचं फार नाव ऐकलं होतं. ते चेहरे ओळखतं, माणसं जुळवतं, कुणाचं कोण ते लावतं आणि प्रत्येकाचं वेगळं दालन करतं. अर्ध्या दिवसात त्यानं सगळं घर लावून दिलं. काकांचं दालन, काकूचं, सन्मतीचं, धनश्रीचं. मोत्या कुत्र्याचं भलंमोठं दालन. दूध घालायला येणाऱ्या आप्पाचंसुद्धा दालन निघालं, कारण दारात कुणाचा फोटो काढला की मागं आप्पा किटली घेऊन उभाच.

वैजूचं दालन नव्हतं.

तिनं पुन्हा शोधायला लावलं. बऱ्याच वेळानं सॉफ्टवेअरनं सन्मतीच्या लग्नातला एक अर्धा चेहरा काढून विचारलं, ही कोण? पंगतीत वाढपाच्या पातेल्याआड वाकलेली, डोळे मिटलेले. तो वैजूचा इतक्या वर्षांतला एकुलता एक फोटो.

तसं बघितलं तर यात नवल काहीच नव्हतं. वैजू या घरात राहायला आली आणि त्याच दिवाळीत काकांनी डिजिटल कॅमेरा घेतला. सगळे बसले, काकांनी कॅमेरा कुणाकडं द्यावा म्हणून इकडंतिकडं बघितलं, आणि काकू म्हणाली, "वैजूकडं द्या की. ती काढंल." वैजूनं काढला. छान आला. तेव्हापासून कॅमेरा तिचाच झाला. दिवाळी असो, बाहुबलीच्या डोंगरावरची सहल असो, धनश्रीचा निकाल असो, सगळे ओळीनं बसायचे आणि हाक यायची, "वैजू, ये गं, काढ. तुझा हात हलत नाही." हात खरंच हलत नसे. तिचं कौतुक व्हायचं, त्या कौतुकात तीही फुगायची. ज्यांच्या घरी कुणी शिकायला ठेवलेलं असतं, त्यांच्या घरी हे असंच होतं. मनात पाप कुणाच्या नसतं. फक्त फोटो घरच्यांचा असतो आणि तो काढायला कुणीतरी लागतंच.

पण आता मोत्याच्या दालनाकडं बघताना तिला राग आला. मग रडू आलं. आणि त्या पाठोपाठ भीती वाटली. काकू रोज सकाळी हे फोटो बघणार. मोत्या राहील, आप्पा राहील. आपण जाणार.

तिनं धनश्रीला फोन लावला. धनश्री मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होती.

"अगं, तू नेहमी कॅमेऱ्यामागंच असायचीस ना. तुला जमायचं ते."

"मला कुणी कधी म्हटलं का, वैजू, तू पण ये म्हणून?"

"आत्ता हे काय काढलंस गं? तुला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचंय ते घे बाई. तुला पटेल ते कर. आईचं सगळं तूच तर बघतेस."

तुला पटेल ते कर, असं म्हटलं की माणूस कुठवर जाईल याचा नेम नसतो.

तिसरं सॉफ्टवेअर होतं 'संपूर्ण'. ते दाखवायला मिरजेहून कित्तुरे नावाचा गृहस्थ घरी आला. पन्नाशीचा, गोड बोलणारा, चहा घेता घेता काम करणारा.

"बाकीचे काय करतात ताई, फोटोत जे आहे तेवढंच लावतात. आम्ही फोटोत जे असायला पाहिजे होतं तेही बघतो," तो म्हणाला आणि त्यानं दिवाळीच्या जेवणाचाच फोटो पडद्यावर घेतला. "माणसं चार आहेत. पण ताटं बघा, पाच. पाटसुद्धा पाच. हे पाचव्या माणसाचं. आणि आता ही फरशी बघा."

वैजूनं बघितलं. मगदूमांचं घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. त्यामुळं या घरातले जेवणाचे सगळे फोटो कलत्या उन्हातले. दार पश्चिमेला. फोटो काढणारी दारात उभी राहायची, ऊन तिच्या पाठीवर असायचं, आणि तिची सावली लांबच लांब होऊन ताटांपर्यंत यायची. दोन वेण्या, वर उचललेली दोन कोपरं. वैजूनं हे फोटो शेकडो वेळा बघितले होते, सावलीकडं तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं.

"सावलीवरून उंची निघते," कित्तुरे सांगत होता. "दरवर्षी मुलगी कशी वाढली ते निघतं. त्या दिवशी दोरीवर कुठला फ्रॉक वाळत होता, दारात कुठली चप्पल होती, ते बाकीच्या फोटोंत सापडतं. हे सगळं धरून सॉफ्टवेअर त्या मुलीला तिच्या ताटावर बसवतं. खोटं काही नाही. ती त्या दिवशी घरात होतीच की. पुसत आम्ही काही नाही, फक्त भरतो. तुमचे त्या वयातले फोटो आहेत का?"

"शाळेच्या ओळखपत्रावरचे आहेत."

"भरपूर झाले." त्यानं ते घेतले, थोडा वेळ काहीबाही केलं, आणि थांबला. "एक सांगा. इथं फोटो काढणारा कोण ते विचारतंय. तुमचं नाव घालू?"

"घाला की."

"घातलं असतं, पण तुम्ही मग आत बसणार नाही. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असला तर सॉफ्टवेअर घेत नाही. आत, नाही तर बाहेर. काय करू?"

वैजूनं विचार केला नाही. इतकी वर्षं ती बाहेरच होती.

"आत," ती म्हणाली.

"मग बाहेरची जागा रिकामी सोडतो."

"सोडा."

झालं. कित्तुरे चहाचा कप ठेवून गेला, आणि वैजूनं दिवाळीचा फोटो उघडला. फोटोत ती होती. निळ्या फ्रॉकमध्ये, मांडी घालून, काकूच्या शेजारी. तो फ्रॉक तिचाच होता, खांद्यावरचा रफूसुद्धा होता. पण तिची नजर खिळली ती दुसऱ्या गोष्टीवर. काकूचा हात मूळ फोटोत पाटावर टेकलेला होता, तो आता वैजूच्या खांद्यावर होता. शेजारी मूल बसलं असतं तर हात कुठं गेला असता, एवढंच सॉफ्टवेअरनं बघितलं होतं. वैजू त्या हाताकडं बघत बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पट्टीनं काम चोख केलं. महिनाभरात काकू 'बाई' म्हणायची थांबली. एके दिवशी वैजू कामावरून आली तर काकू दिवाणावरून म्हणाली, "वैजू, आज उशीर केलास?" वैजूनं पर्स तशीच खाली टाकली आणि काकूच्या कुशीत शिरली. या वयात माणूस असं करत नाही, पण तिनं केलं.

काकू आता गोष्टी सांगायची. बाहुबलीच्या डोंगरावर तू दमलीस तर काकांनी तुला खांद्यावर घेतलं होतं. धनश्रीनं आणि तू एकसारखे फ्रॉक घातले म्हणून तू किती खुश होतीस. यातलं काहीच घडलेलं नव्हतं. काकांनी वैजूला कधी खांद्यावर घेतलं नव्हतं. पण वैजू हूं हूं म्हणायची, आणि पुढं पुढं आपणही भर घालायला लागली. रोज सकाळी ती काकूच्या शेजारी बसून तेच फोटो बघत होती. पट्टी काकूच्या कपाळाला होती, वैजूच्या नव्हती. तरी कधी कधी तिला काकांच्या खांद्याचा खरखरीत सदरा आठवायचा, आणि मग ती दचकायची.

एका सकाळी काकूनं पडद्याकडं बोट केलं.

"वैजू, हा फोटो कुणी काढला गं?"

"काकांनी."

"काका हे काय बसलेत की."

"कॅमेरा टेबलावर ठेवला असेल. आपोआप निघतो."

"टेबलाकडं बघून कुणी असं हसतं होय?" काकू पुढं वाकली. "बघ, आम्ही सगळे हिच्याकडं बघतोय."

"कुणाकडं?"

"ही उभी असते ना, तिच्याकडं." काकूनं फरशीवरच्या सावलीवर बोट ठेवलं. "ही सावली कुणाची?"

वैजूनं सावलीकडं बघितलं. दोन वेण्या, वर उचललेली कोपरं. निळ्या फ्रॉकमधली वैजू पाटावर बसली होती, आणि दारातून तिची सावली तिच्याच ताटावर पडली होती. भरायचं ते भरलं होतं, पुसलं काही नव्हतं.

"असंल कुणाची तरी," वैजू म्हणाली आणि पुढचा फोटो लावला. त्या फोटोतही ती होती. आणि सावलीही होती.

त्यानंतर काकूला तो नादच लागला. फोटो आला की ती माणसांकडं बघायचीच नाही, आधी सावली शोधायची. सावली नसली तर सगळ्यांची नजर कुठं लागली आहे ते बघायची. ती स्वतः तापानं झोपली होती तेव्हाचा फोटो, हॉस्पिटलातला फोटो, काकांच्या शेवटच्या आजारातला फोटो. "इथंपण होती," काकू हळूच म्हणायची. "आपल्या घरात आत येऊन उभी राहायची. बोलायची नाही. नुसती बघायची. वैजू, तुला कधी दिसली का गं?"

"नाही काकू."

"मला पण दिसत नाही. पण होती. मला पक्कं ठाऊक आहे होती."

वैजूनं दाराला जाड पडदा लावला. काकूनं खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली. जेवताना समोरची बाजू मोकळी असलेली तिला चालेना, म्हणून वैजूनं तिथं कपाट सरकवलं. वैजू शेजारी बसली असली की काकू निवांत असायची, तिचा हात हातात धरून असायची. पण वैजू काही आणायला उठली आणि समोर आली की काकूचा चेहरा बदलायचा. ओळख पुसल्यासारखा व्हायचा.

महावीर जयंतीला सन्मतीनं फोन करून आईचा फोटो मागितला. काकूला वैजूनं नवी साडी नेसवली होती, समोर पुरणपोळीचं ताट होतं, ऊन कलायला आलं होतं. फोटोत उजेड यावा म्हणून वैजूनं समोरचं कपाट सरकवलं, दाराचा पडदा बाजूला केला आणि सवयीनं दारात जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत फोटो काढायला ती दुसरीकडं कुठं उभीच राहिली नव्हती. तिनं फोन धरून कोपरं वर उचलली. तिची सावली फरशीवरून सरकत जाऊन काकूच्या ताटावर पडली.

काकूनं ताटाकडं बघितलं. मग मान वर केली. दारात उजेड होता, त्यामुळं तिला वैजूचा चेहरा दिसला नसणार. नुसता काळा आकार दिसला असणार. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, आणि पदराआडून लहान मुलासारखी हाक मारायला लागली.

"वैजू, ये गं. वैजू, लवकर ये. ती आली बघ."

वैजू दारात उभी राहिली. पुढं जावं तर काकू आणखी घाबरणार होती. शेवटी ती मागच्या मागं बाहेर गेली, गल्लीतून वळसा घालून परसदारानं आत आली आणि काकूच्या शेजारी बसली. काकूनं तिला घट्ट धरलं.

"गेली का?"

"गेली," वैजू म्हणाली.

डॉक्टर आवटीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पट्टीत साठलेल्या लहरी काढून बघितल्या. बराच वेळ त्या मागं मागं जात राहिल्या. मग त्यांनी पडदा वैजूकडं वळवला.

"हा पहिला आठवडा, साध्या फोटोंचा. ही उंच लाट दिसते? अशी लाट आपल्या जीवाभावाच्या माणसाला बघितलं की येते. मला वाटलं, मुलगा. पण मुलाच्या एकट्याच्या फोटोला ती नाही. काकांच्या नाही, मुलीच्याही नाही. सगळे समोर बघून हसतायत, तिथंच येते. तेव्हा तुम्हाला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. तुमच्याकडं फोटो कोण काढायचं?"

"मी," वैजू म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे त्या प्रत्येक फोटोत तुम्हालाच बघत होत्या."

"पण मला तर बाई म्हणत होत्या."

"नाव गेलं होतं, चेहरा जायला लागला होता. माणूस कुठंही गेलं नव्हतं. फोटो बघितला की त्यांना समोर कॅमेरा घेतलेली पोरगी आठवायची. तिच्याशी बोलायच्यासुद्धा, नर्सनं तसं लिहिलंय."

ताट गार व्हायलंय. वैजूनं टेबलाची कड धरली.

"परत साधे फोटो लावू या," ती कशीबशी म्हणाली. "मला बाहेर काढा."

"आता नाही होणार. तुमचं नाव, तुमची माया, सगळं त्या आत बसवलेल्या मुलीला चिकटलंय. तिला काढली तर तिच्याबरोबर तेही जाईल. आणि बाहेरची जाणार नाही, कारण तिला आपण घातलेलीच नाही. ती आधीपासून आहे. तिचं नाव तेवढं आपण काढून घेतलं. रोज सकाळी त्या फोटो बघून घाबरत होत्या आणि रोज पट्टी ती भीती पक्की करत होती. आता तुम्हीच सांगा. चालू ठेवू की थांबवू?"

थांबवलं तर काकूजवळ फक्त ती दारातली राहणार होती. वैजूनं पदरानं तोंड पुसलं. "चालू ठेवा," ती म्हणाली.

पावसाळा संपता संपता धनश्री आठ दिवसांची रजा काढून आली. आईनं तिला ओळखलं, नावानं हाक मारली, नातवंडांची चौकशी केली. धनश्रीला भरून आलं. ती वैजूला म्हणाली, "तू कमाल केलीस गं. मी त्या दिवशी फोनवर नीट बोलले नाही, ते मला फार लागून राहिलंय." आणि मग, बहुधा तेच लागून राहिलेलं फेडायला, तिनं फोन उचलला. "बस तू आईजवळ. आज फोटो मी काढते. तू रोज रोज बाहेर राहायचीस, आज आत बस."

"नको धनू. राहू दे."

"गप्प बस गं. आई, सरक जरा." धनश्रीनं दाराचा पडदा सारला, उजेड बघितला, आणि दारात जाऊन उभी राहिली. घरात फोटो काढायला तीच जागा चांगली, हे तिलाही लहानपणापासून माहीत होतं. तिनं कोपरं उचलली. सावली फरशीवरून पुढं आली.

काकूचा हात वैजूच्या खांद्यावर आला. अगदी फोटोतल्यासारखा, घट्ट. मग तो खांद्यावरून वर सरकला आणि वैजूच्या डोळ्यांवर झाकण घालून बसला.

"बघू नकोस तिच्याकडं," काकू तिच्या कानाशी म्हणाली. "मी आहे. तू माझ्याजवळ आहेस ना, मग ती काही करणार नाही. नुसती बघंल आणि जाईल."

"आई, अगं मी धनश्री आहे," दारातून आवाज आला. काकूनं वैजूला आणखी जवळ ओढलं.

वैजू त्या हाताखाली बसून राहिली. हात ऊबदार होता, त्याला हळदीचा वास होता. दारातली जागा आपली आहे, तिथं भ्यायचं काही नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. तिथं उभं राहून आपल्याला काय दिसायचं ते आठवू या, म्हणजे भीती जाईल, असंही तिला वाटलं. तिनं ती पहिली दिवाळी आठवली. काका, काकू, सन्मती, धनश्री, पाच ताटं. सगळं लख्ख समोर आलं. निळ्या फ्रॉकमधली ती स्वतः काकूला टेकून बसली होती, आणि दारातून कुणीतरी त्यांच्याकडं बघत होतं.